शुक्रवारचे निकाल

काटेवाडीत त्या काळी पुण्याचे वर्तमानपत्र एस. टी.ने येई. बारामतीहून इंदापूरकडे जाणारी गाडी चुकली, तर ते दुसऱ्या दिवशीच हाती पडे. त्याबद्दल गावाची काही तक्रार नसे. पावसाचा अंदाज सोडला, तर एका दिवसाच्या शिळेपणाने बिघडावे असे त्यात आम्हांला हवे होते तरी काय! पण रविवारच्या अंकाची मात्र चातकासारखी वाट पाहणारे दोघे जण गावात होते. एक आमचे गुरुजी, आणि दुसरा त्यांच्या ओट्यावर पाय हलवीत बसलेला सोळा वर्षांचा मी. त्या अंकात चित्रपटांची परीक्षणे येत.

आजच्या वाचकाला येथे एक गोष्ट समजावून सांगावयास हवी. चित्रपट मुंबईत शुक्रवारी लागे. त्याच्या प्रती मोजक्याच काढलेल्या असत. त्या आधी मुंबई-पुण्यास फिरत, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्यास. आणि शेवटी अंगावर ओरखडे व जागोजागी जोड घेऊन जत्रेतल्या तंबूत येऊन पोहोचत. या प्रवासात कधी सहा महिने जात, कधी वर्षही उलटे. परीक्षण मात्र दोन-तीन दिवसांत आमच्या ओट्यावर हजर! म्हणजे आम्हां खेडुतांच्या वाट्याला निकाल आधी येई आणि खटला मागाहून. चित्रपट बघण्यापूर्वीच तो चांगला की वाईट हे आम्हांला पाठ झालेले असे.

गुरुजींनी यासाठी एक वही केली होती. लांबट, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी. प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्याला शीर्षक होते ‘पत्र’. त्यात टीकाकाराच्या मताचे सार. दुसऱ्याला ‘गाव’, त्यात चित्रपट आमच्या बाजूस आल्यावर लोक काय म्हणाले ते. तिसऱ्या रकान्याला शीर्षकच नव्हते आणि त्यात काही लिहिलेलेही नसे. मी एकदा विचारले तेव्हा गुरुजी म्हणाले, “असू दे रिकामा. घाई कशाला?”

ती वही आज माझ्यापाशी आहे. तिच्यातली सर्वांत भरलेली पाने १९७५ सालची, आणि या लेखात मला त्या एकाच सालाची हकीकत सांगावयाची आहे.

काय साल होते ते! एका बारा महिन्यांत ‘दीवार’ आला, ‘आँधी’ आली, ‘जय संतोषी माँ’ आला, ‘शोले’ आला. मराठीत एकीकडे डॉ. जब्बार पटेलांचा ‘सामना’, तर दुसरीकडे दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’. एकाच पंगतीत पुरणपोळी, ठेचा, उपासाची भगर आणि परगावचे काही अनोळखी पक्वान्न वाढावे, तसा हा प्रकार. आणि त्यातच २५ जूनला देशात आणीबाणी पुकारली गेली. म्हणजे निकाल देणारे टीकाकार एक, तिकीट काढणारे लोक दुसरे, आणि या दोघांच्याही डोक्यावर तिसरे सरकार.

सुरुवात ‘शोले’पासून करतो, कारण टीकाकार चुकले असे म्हणावयाचे झाले की सगळे प्रथम त्याचेच नाव घेतात. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला. सत्तर मिलिमीटरचा पडदा, चार बाजूंनी येणारा आवाज, अफाट खर्च. आणि परीक्षणे? एका इंग्रजी पाक्षिकाने नावावरच कोटी करून त्याला विझलेला निखारा ठरविले. दुसऱ्या एका चित्रपट-पत्राला ती पाश्चात्त्य घोडेस्वारपटांची नक्कल वाटली, धड इकडची नव्हे, धड तिकडची नव्हे. गुरुजींच्या पहिल्या रकान्यात त्यापुढे दोनच शब्द आहेत : ‘खर्च वाया.’ पहिल्या दिवसांत चित्रपटगृहांतही सामसूम होती. निर्माते इतके हादरले, की शेवट बदलून जयला जिवंत ठेवावे काय, अशी खल त्यांच्यात झाली. अखेर दिग्दर्शक रमेश सिप्पींनी थोडे थांबून पाहावयाचे ठरविले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला.

आमच्याकडे ‘शोले’ आधी कानांनी आला. त्याच्या संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली होती. लग्नाच्या मांडवात सनई थांबली की कर्ण्यावर गब्बरसिंग बोलू लागे, आणि हळद लागलेला नवरदेवसुद्धा ओठ हलवून त्याला साथ देई! मी प्रत्यक्ष चित्रपट पाहिला तोवर मला तो सगळा तोंडपाठ झाला होता. गुरुजींनी दुसऱ्या रकान्यात लिहिले, ‘पोरे अभ्यास सोडून हेच म्हणतात.’

पण टीकाकारांवर हसताना आपण एक गोष्ट विसरतो. त्यांनी पाहिलेला ‘शोले’ पुरा नव्हताच. मूळ शेवटात ठाकूर आपल्या खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा हे आणीबाणीच्या दिवसांत सेन्सॉरला रुचले नाही, आणि आयत्या वेळी पोलीस आणून शेवट बदलावा लागला. सूड घ्यावयास निघालेली गोष्ट शेवटच्या पायरीवर अडखळली. त्या मूळ शेवटासह दुरुस्त केलेली पुरी प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथे लोकांपुढे आली. निकाल लागल्यावर बरोबर पन्नास वर्षांनी पुरावा सादर झाला म्हणावयाचा! आणखी एक गंमत. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत उत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दीवार’. ‘शोले’च्या पदरात पडले ते एकच बक्षीस, संकलनाचे, आणि ते घेणारे होते आपले एम. एस. शिंदे.

‘आँधी’ची गोष्ट वेगळी. तिचे टीकाकारांनी कौतुक केले होते. पुढे फिल्मफेअरचा समीक्षक-पुरस्कार तिलाच मिळाला, आणि संजीवकुमारना अभिनयाचा. पण नायिकेत पंतप्रधानांची छाया दिसते अशी कुजबुज होती, आणि आणीबाणीत तिचे प्रदर्शन बंद करण्यात आले. आमच्या बाजूस ती आली नव्हतीच. १९७७ मध्ये बंदी उठेपर्यंत येण्याची आशाही उरली नाही. गुरुजींच्या वहीत तिच्यापुढचा दुसरा रकाना कोरा आहे. त्या कोऱ्या जागेत एक बारीक फुली मात्र काढलेली आहे. गुरुजी सरकारी शाळेत नोकरीला होते. त्याहून अधिक लिहिणे त्यांना परवडणारे नव्हते.

‘पांडू हवालदार’ने त्या ओट्यावर खरे भांडण लावले. ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडके म्हणजे शहरी टीकाकारांना नाकाला पदर लावावयास लावणारा विषय. द्व्यर्थी संवाद, ढगळ चड्डी, लोंबता नाडा, असे त्यांचे आक्षेप ठरलेले. गावाला मात्र त्यात आपला माणूस दिसे. दादा वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून आलेले. वगातला सोंगाड्या राजाला आणि कोतवालाला तोंडावर खोटे पाडतो, ती रीत त्यांनी पडद्यावर आणली. याच चित्रपटातून अशोक सराफ हे नाव घरोघर पोहोचले. आम्ही पोरे पोट धरधरून हसलो. मी ऐटीत म्हणालो, “गुरुजी, पेपरवाल्यांना तमाशा कळतच नाही.”

माझी आत्या तिथेच शेंगा फोडीत बसली होती. ती म्हणाली, “हसायला येतं रं, न्हाई कशाला म्हणू? पर थोरल्या भावाशेजारी बसून न्हाई हसाया येत. मान खाली घालून बसाया लागतंय.”

गुरुजींनी ते वाक्य जसेच्या तसे ‘गाव’च्या रकान्यात उतरवून घेतले. मला त्या दिवशी प्रथम कळले, की ‘गाव’ नावाचे मतही एक नसते. तंबूच्या अर्ध्या भागात पुरुष बसत, अर्ध्या भागात बाया. आणि त्या दोन अर्ध्यांत दोन वेगळे चित्रपट चाललेले असत.

आता ‘जय संतोषी माँ’. येथे मला जरा ओशाळवाणे व्हावे लागते.

विजय शर्मांचा हा चित्रपट अगदी थोड्या पैशांत झालेला. मोठा नट नाही, मोठी नटी नाही. प्रतिष्ठित पत्रांनी त्याची दखल जवळजवळ घेतलीच नाही. गुरुजींच्या पहिल्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. आणि तरी तो त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या यशांपैकी एक ठरला. चित्रपटगृहाच्या दारात लोक चपला काढून ठेवीत. उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती सुरू झाली की पडद्यावर फुले आणि नाणी पडत.

आमच्या बाजूस तो आला तेव्हा वस्तीवरच्या बाया दोन बैलगाड्या जुंपून निघाल्या. त्यांत माझी आईही होती. शुक्रवार धरायचा, गूळ-चण्याचा नैवेद्य दाखवायचा, त्या दिवशी आंबट खावयाचे नाही, असे ते व्रत. गुळाची आम्हांला काय वाण! बारामतीची पेठ गुळासाठीच नावाजलेली. तेव्हापासून आमच्या घरी शुक्रवारच्या आमटीत चिंच पडेनाशी झाली, आणि माझा रागही तिथूनच सुरू झाला. मी चार परीक्षणे वाचलेला शहाणा. आई परत आली तेव्हा मी तिच्यापुढे सगळी विद्वत्ता पाजळली : रंगविलेले पडदे काय, दोरीवर लोंबकळणारे देव काय, छायाचित्रणातल्या युक्त्या काय! “फसवतात तुम्हांला,” असेही म्हणालो.

आई चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली. “पडदा रंगीवलेला हाय ते मला दिसतंय, बाळा. माझं डोळं काय गेल्यात व्हय? त्या सत्यवतीला सासरी उष्टंखरकटं वाढतात, तिचं कुणी ऐकत न्हाई, आन् मग तिचं ऐकणारं कुणीतरी येतं. तेवढं बघाया गेले हुते मी.”

पुढे काही बोलली नाही. मीही बोललो नाही. आमच्या आजीच्या हाताखाली आईने कोणते दिवस काढले ते मला ठाऊक होते. ठाऊक असून ते मी कधी मनावर घेतले नव्हते, एवढेच.

पाच-सहा वर्षांनी समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांनी याच चित्रपटावर एक गंभीर निबंध लिहिला, आणि नंतर देशी-विदेशी अभ्यासकांनी तो पुनःपुन्हा तपासला. शुक्रवारी ज्याला आडवी रेघ मिळाली होती, त्याच्यासाठी विद्वानांना पाने अपुरी पडू लागली. आईला हे कळले असते तर ती म्हणाली असती, “एवढं शिकून उशिरा कळलं व्हय त्यांना?”

पण वाचकहो, येथवर वाचून आपला समज होईल, की टीकाकार चुकतात आणि जनता बरोबर असते, एवढेच मला सांगावयाचे आहे. तसे असते तर हा लेख मी लिहिला नसता. कारण याच साली ‘सामना’ आला.

आमचा मुलूख उसाचा. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी, भवानीनगरला छत्रपती कारखाना, तिकडे माळेगावचा, पलीकडे वालचंदनगर. थंडीच्या दिवसांत रस्त्याने बैलगाड्यांची रांग आणि हवेत मळीचा वास. या मुलखाच्या अगदी शेजारी, बारामतीच्या आगगाडीचे दुसरे टोक असलेल्या दौंडला, एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टर दवाखाना चालवीत. ते डॉ. जब्बार पटेल. ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणून ते गाजले होते. ‘सामना’ हा त्यांचा पहिला चित्रपट. निर्माते रामदास फुटाणे, लेखक विजय तेंडुलकर, संगीत भास्कर चंदावरकरांचे. गाव कल्पित, कारखाना कल्पित. पण उसाच्या मुलखातल्या माणसाला ओळख पटावयास वेळ लागत नाही. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे गावाचा सर्वेसर्वा. डॉ. लागूंचा मास्तर म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातून उरलेला, दारूत बुडालेला एक भणंग. आणि गावातून नाहीसा झालेला मारुती कांबळे. मास्तर त्याच्याविषयी विचारीत राहतो, आणि कुणी उत्तर देत नाही.

या चित्रपटाला लोकांनी पहिल्या खेपेस पाठ दाखविली. जाणत्यांनी मात्र त्याची थोरवी ओळखली. बर्लिनच्या पंचविसाव्या चित्रपट-महोत्सवात, १९७५ च्या उन्हाळ्यात, तो स्पर्धेत निवडला गेला. सोन्याचे अस्वल हंगेरीच्या मार्ता मेसारोश यांच्या चित्रपटाने नेले. पण मराठी चित्रपट तिथवर गेला या वार्तेनेच इकडे कुतूहल जागे झाले, आणि पुन्हा लागल्यावर त्याला गर्दी झाली. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याने मिळविला. टीकाकार आणि परीक्षक नसते, तर तो पहिल्याच आठवड्यात डब्यात जाऊन बसला असता. तेव्हा निकाल देणाऱ्यांना सरसकट नावे ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही.

तो आमच्याकडे आला तेव्हा गुरुजींनी माझ्या वडिलांना, आमच्या दादांना, आग्रहाने बरोबर नेले. दादा चित्रपट पाहणारे नव्हते. तीन एकर ऊस, दोन बैल आणि सोसायटीचे कर्ज, एवढा त्यांचा पसारा. परत येताना तिघेही सायकली हातात धरून चालत होतो, कारण दादांना बोलावयाचे होते आणि सायकलवर त्यांना बोलता येत नसे. परीक्षणांत अभिनयाच्या जुगलबंदीची वाहवा होती. मी तीच पोपटपंची सुरू केली. दादांनी मला थांबविले.

“गुरुजी,” ते म्हणाले, “त्या हिंदुरावाला वाईट म्हणणं सोपं हाय. पर गावात पाणी कुणी आणलं? त्यानंच. साळा कुणी काढली? त्यानंच. ऊस कोण नेतो? त्योच. मग मारुती कांबळेचं विचारायचं कुणी? ज्याचं काईच त्याच्याकडं न्हाई, त्यानंच. म्हणून तर मास्तर दारुडा दावलाय. माझ्यासारखा दावला आसता, तर त्यो गप बसला आसता.”

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी हळूच विचारले, “दादा, तुम्ही गप्प बसला असता?”

“बसलो आसतो,” दादा म्हणाले. “आन् रातभर जागा राहिलो आसतो.”

त्या वर्षी मी जितकी परीक्षणे वाचली, त्यांतल्या एकातही मला हे वाक्य मिळाले नव्हते. आणि तरी परीक्षणांनी वाट दाखविली नसती, तर दादा तो चित्रपट पाहावयास गेलेच नसते. गुरुजींनी रात्री दुसरा रकाना भरला तो असा : ‘एक शेतकरी म्हणाला, मी गप्प बसलो असतो.’ नाव घातले नाही.

काटेवाडीचे नाव वारकऱ्यांना ठाऊक आहे. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरच्या वाटेने निघाली, की आमच्या गावात तिच्यापुढे परीटमंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि मेंढ्यांचे रिंगण होते. शेकडो मेंढरे पालखीभोवती धावतात तेव्हा उडालेल्या धुळीत कोण पंडित, कोण अडाणी, हे दिसेनासे होते. ज्या तुकोबांसाठी हा सोहळा, त्यांच्यावरही एकदा निकाल लागला होता. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी त्यांची कविता अनधिकाराची ठरविली आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. त्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही कथा आपण सगळे भक्तिभावाने सांगतो. तिचा पुढचा भाग मात्र आपण घाईने उरकतो. परंपरा सांगते, की तेच रामेश्वरभट पुढे तुकोबांना शरण आले आणि त्यांचे गुण गाऊ लागले.

मला वाटते, गुरुजींचा तिसरा रकाना रामेश्वरभटांसाठी होता. निकाल चुकणे ही मोठी गोष्ट नव्हे. शुक्रवारी पाहून रविवारी लिहावयाचे म्हटल्यावर तो चुकणारच. आपला निकाल पुन्हा काढून पाहण्याची ज्याची तयारी नाही, तो मात्र टीकाकार असो की प्रेक्षक, की ओट्यावर बसलेला सोळा वर्षांचा दीडशहाणा, त्याच्या हाती लेखणी असून नसल्यासारखी.

मी पुण्यास शिकावयास निघालो तेव्हा गुरुजींनी ती वही माझ्या पिशवीत घातली. इतकी वर्षे मी तिसऱ्या रकान्याला हात लावला नव्हता. यंदा दिवाळीची झाडलोट करताना ती पुन्हा हाती आली आणि मी लिहावयास बसलो. ‘शोले’पुढे लिहिले, ‘पुरा पाहावयास पन्नास वर्षे लागली.’ ‘पांडू हवालदार’पुढे आत्याचेच वाक्य पुन्हा लिहिले, त्यात मला भर घालता आली नाही. ‘आँधी’पुढची गुरुजींची फुली तशीच राहू दिली. ‘सामना’पुढे लेखणी बराच वेळ अडली, शेवटी लिहिले, ‘दादा गेले. प्रश्न राहिला.’

‘जय संतोषी माँ’पुढे गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दुसऱ्या रकान्यात गुरुजींच्या अक्षराखाली माझेच पोरवयातले अक्षर होते : ‘अडाणी बायकांसाठी.’ केव्हा लिहिले होते, आठवत नाही. मी ते शब्द खोडले. मग तिसऱ्या रकान्यात आईचे नाव लिहिले आणि वही मिटली.

त्या दिवशी शुक्रवारच होता. सूनबाईने विचारले, आमटीत चिंच घालू का? मी म्हणालो, आज नको.